ब्रिटनशी करार झाला. पण टॉवेलवरची ड्यूटी आजवर कोण भरत होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वडिलांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे सोळा माग आहेत. माल एका निर्यातदाराला जातो. भारत-ब्रिटन व्यापार करार झाल्यावर आमच्याकडे कुणी पेढे वाटले, कुणी म्हणालं आता विलायती माल येऊन आपला धंदा बसणार, आणि कामगार म्हणतात आमच्या मजुरीत काय फरक पडणार. एकाच करारावर इतकी वेगळी मतं कशी? आणि आमच्यासारख्यांनी यातून काय समजायचं?"

तुमच्या प्रश्नातले तिघेही मला भेटले आहेत. सव्वीस वर्षं मी सोलापुरातून बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करतो. टॉवेल, चादरी, नॅपकिन आणि अलीकडे युनिफॉर्म. करार झाला की आठवडाभर माझा फोन खाली राहत नाही. २०२२ मध्ये आधी यूएईशी आणि मग ऑस्ट्रेलियाशी करार झाला तेव्हाही असंच झालं होतं. त्यामुळे लोक काय बोलतात आणि पुढे काय होतं, या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत.

आधी करारात काय ठरलं ते सांगतो. भारत आणि ब्रिटन यांची बोलणी ६ मे २०२५ ला पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि २४ जुलै २०२५ ला, पंतप्रधान मोदींच्या ब्रिटन दौऱ्यात, दोन्ही देशांच्या व्यापारमंत्र्यांनी सह्या केल्या. भारतातून तिकडे जाणाऱ्या जवळजवळ ९९ टक्के प्रकारच्या मालावरची आयातड्यूटी शून्य करायचं ब्रिटनने मान्य केलं. कापड आणि कपड्यांवर ती १२ टक्क्यांपर्यंत होती. बदल्यात आपण त्यांच्या व्हिस्कीवरची ड्यूटी १५० वरून ७५ टक्क्यांवर आणायची आणि दहा वर्षांत ४० पर्यंत उतरवायची. मोटारींवरची शंभराच्या वरची ड्यूटी ठरावीक कोट्यापुरती १० टक्क्यांपर्यंत खाली यायची. दूधदुभतं, सफरचंद, ओट्स आपण करारातून बाहेर ठेवले. एवढं समजलं तरी "विलायती माल येऊन आपलं संपणार" या भीतीचं निम्मं उत्तर मिळतं. ब्रिटन आपल्याला टॉवेल विकायला येणार नाही. तिथे आता यंत्रमागांचा धंदा असा उरलेलाच नाही. आपली चुरस ब्रिटनशी नसून पाकिस्तान आणि बांगलादेशाशी आहे.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. ते मला एका मागवाल्याच्या तोंडून कळलं, म्हणून तो प्रसंग सांगतो.

सह्या झाल्या त्याच आठवड्यात मी पूर्व भागातल्या एका शेडमध्ये माल बघायला गेलो होतो. संध्याकाळची पाळी. ट्यूबलाइटवर कापसाची तूस साचून उजेड पिवळा पडलेला. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, टॉवेलचे लूप ज्या ताण्यातून होतात त्याचा ताण लावत होता, कारण लूप एका बाजूला आखूड येत होते. पन्नाशीतला एक विणकर माझ्याजवळ आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मागांच्या खडखडाटात कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "सगळे बारा टक्के, बारा टक्के करालेत. ते बारा टक्के कुणाचे ओ साहेब?"

इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या मालकाने विचारला नव्हता. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

कागदावर ड्यूटी तिकडचा खरेदीदार भरतो. माल ब्रिटनच्या फेलिक्स्टो बंदरात उतरला की तो तिथल्या कस्टम्सकडे पैसे जमा करतो आणि मग माल सोडवतो. म्हणून आपल्याकडचे पुष्कळ जण म्हणतात, ड्यूटी त्याची, सवलतही त्याची, आपल्याला काय? कागद बघितला तर हे बरोबर आहे. धंदा बघितला तर चूक आहे.

हिशोबासाठी ड्यूटी १२ टक्के धरू. जहाजभाडं, विमा धरून तुमच्या टॉवेलची एक खेप तिकडच्या बंदरात १०० पौंडांना पोचते. त्यावर १२ पौंड ड्यूटी. खरेदीदाराच्या गोदामात तो माल ११२ ला पडतो. आता तसाच टॉवेल कराचीहून येतो. पाकिस्तान आणि बांगलादेश यांना ब्रिटन आपल्या विकसनशील देशांसाठीच्या सवलत योजनेत टॉवेलवर ड्यूटी लावत नाही. म्हणजे कराचीवाल्याने ११२ मागितले तरी खरेदीदाराला माल ११२ लाच पडतो. त्याला दोन्ही सारखे. फक्त कराचीवाल्याच्या हातात ११२ येतात आणि तुमच्या हातात १००.

म्हणजे हे १२ पौंड चलनावर भरले खरेदीदाराने, पण दिले कुणी? तुम्ही दिले. भाव तेवढा पाडून दिलात. निर्यातदाराने तो भार तुमच्या वडिलांच्या दरावर टाकला, वडिलांनी सुताच्या उधारीवर आणि मजुरीवर ढकलला. शेवटी अण्णांच्या आठवड्याच्या मजुरीपर्यंत तो पोचला. अण्णांना म्हणालो, "ते बारा टक्के तुमच्या सगळ्यांचे होते. इतकी वर्षं ते तिकडे जात होते." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आता परत येणार म्हणा की." मी म्हणालो, "आपोआप नाही येणार."

हे "आपोआप नाही" लोकांच्या बोलण्यात कुठेच नसतं. पेढे वाटणारा धरून चालतो की ड्यूटी गेली म्हणजे पैसा आला. शिव्या घालणारा धरून चालतो की पैसा गोऱ्याच्या किंवा मोठ्या कारखान्याच्याच खिशात जाणार. दोघेही असं बोलतात जणू हे कुठेतरी आधीच ठरून गेलंय. खरं तर ते भाव ठरताना ठरतं. ड्यूटी शून्य होण्याची तारीख खरेदीदाराला तुमच्या आधी ठाऊक असते. पुढच्या ऑर्डरच्या पत्रात तो सरळ लिहितो की आता करार झालाय, दर कमी करा. यूएईच्या वेळी मी अशी पत्रं पाहिली. तिथे ड्यूटी पाचच टक्के होती, तरी खरेदीदारांनी ती आधीच आपल्या नावावर धरली होती. ज्या निर्यातदाराला हा वरचा हिशोब मांडता आला त्याने निम्मं तरी राखलं. ज्याला आला नाही त्याने सगळं सोडलं आणि वर "करार झाला, पण फायदा काय?" असं बोलत बसला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी हिशोब सांगितलाच नव्हता, आणि ते सांगणं आमच्यासारख्यांचं काम होतं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण यावर हमखास गोंधळ होतो. ड्यूटी शून्य झाली म्हणजे तिकडचा सगळा कर गेला असं नाही. ब्रिटनचा २० टक्के व्हॅट आहे तसाच राहतो, आपल्या जीएसटीसारखा. तो सगळ्यांच्या मालावर सारखा लागतो, म्हणून चुरशीत त्याने फरक पडत नाही. पण "शून्य टक्के" वाचून कुणी तिकडच्या दुकानातल्या किमतीचा अंदाज बांधू नये.

आता मतं इतकी वेगळी का, याबद्दल. माणूस साखळीत जिथे उभा असतो तिथूनच त्याला करार दिसतो, आणि तो खोटं बोलत नसतो. याचं लख्ख उदाहरण त्याच वर्षी आपल्या डोळ्यांसमोर घडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरची ११ टक्के आयातड्यूटी तात्पुरती उठवली. यंत्रमागवाले आणि सूतगिरण्या म्हणाल्या, बरं झालं, सूत स्वस्त होईल. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांनी कपाळाला हात लावला, कारण हंगाम तोंडावर आलेला. निर्णय एक, आणि दोघांचं म्हणणं खरं. माझ्या घरी हा वाद जेवताना झाला. मेहुणे बार्शीकडचे, त्यांच्या नात्यात कापूस आहे. मी टॉवेलवाल्यांच्या बाजूचा. त्यांचं ऐकून माझं मत बदललं नाही, पण टॉवेल स्वस्त झाला तर त्याची किंमत कोण मोजतं हे विचारायची सवय मला तेव्हापासून लागली.

त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरची ड्यूटी ५० टक्क्यांवर नेली होती. २७ ऑगस्टपासून ती लागू झाली, तेव्हा अमेरिकेला माल देणाऱ्या टॉवेलवाल्यांकडे शुकशुकाट पसरला. जहाजावर चढवायचा माल गोदामात परत आणून ठेवलेला मी पाहिला. म्हणून काही जणांनी ब्रिटनच्या कराराचं स्वागत जरा जास्तच जोरात केलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं. तो आनंद मला कळतो. पण अमेरिकेचा बाजार गेला म्हणून तेवढाच माल ब्रिटन उचलेल, हे कुणी गृहीत धरू नये. मापं वेगळी, वजन वेगळं, रंग वेगळे. आणि तिथल्या मोठ्या दुकानांचे पुरवठादार वर्षानुवर्षांचे ठरलेले असतात.

आणखी एक प्रतिक्रिया आहे, तिच्याबद्दल मी आदराने बोलेन. आमच्या गल्लीतले एक आजोबा करार झाल्याचं ऐकून म्हणाले, "ज्यांनी आपली चार पोरं फाशी दिली, त्यांच्याशी कसला करार?" सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मे १९३० मध्ये या शहराने इंग्रजांचं राज्य काही दिवस झुगारून दिलं होतं, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्याला फासावर गेले. विलायती कापडाच्या होळ्या ज्या शहरात पेटल्या, त्या शहराचा टॉवेल आज विलायतेत बिनड्यूटीचा उतरणार असेल, तर त्या पोरांच्या मागणीशी मला तो विरोध वाटत नाही. तेव्हाचं भांडण बाजार एकतर्फी असण्याबद्दल होतं. तिकडचं कापड इकडे मोकळं, आणि इकडच्या विणकराला कुठेच वाव नाही. आजोबांना मी एवढंच म्हणालो. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण चहा पाजला.

तिकडेही सगळं आलबेल नव्हतं. व्हिस्की बनवणाऱ्यांनी स्वागत केलं. विरोधी पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी मात्र करारासोबतच ठरलेल्या एका तरतुदीवर बोट ठेवलं. भारतातून तात्पुरते तिकडे पाठवलेले कर्मचारी तीन वर्षांपर्यंत तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरणार नाहीत, ते इथलाच भरतील, अशी ती तरतूद. त्यांच्या मते यामुळे भारतीय माणूस कंपनीला स्वस्त पडतो आणि ब्रिटिश माणूस महाग. हीच सोय इकडे आलेल्या ब्रिटिश माणसालाही आहे आणि ब्रिटनने ती इतर अनेक देशांना आधीपासून दिलेली आहे, पण टीकेत ते मागे पडलं. खुद्द ब्रिटिश सरकारच्या अंदाजाने या कराराचा त्यांच्या अर्थव्यवस्थेला लाभ दीर्घ मुदतीत ०.१३ टक्के इतकाच आहे. तुमच्या चौकात आणि लंडनमध्ये लोकांच्या बोलण्याची तऱ्हा एकच आहे: करार हजारो पानांचा असतो आणि माणूस त्यातलं आपल्याला टोचणारं किंवा सुखावणारं एक पान उचलतो. म्हणून कुणी मत सांगितलं की मी आधी विचारतो, यातलं कुठलं पान म्हणताय?

आता कामाचं. मी सगळ्यात जास्त कळकळीने जे सांगतो ते हेच.

ड्यूटीची सवलत देशाला मिळते, पण ती वापरावी लागते प्रत्येक खेपेला, आणि प्रत्येक खेपेला सिद्ध करावं लागतं की माल खरंच भारतात बनला आहे. त्याला मूळ देशाचा दाखला म्हणतात. ब्रिटनच्या करारात निर्यातदाराने स्वतःच तशी घोषणा देण्याचीही सोय ठेवली आहे. सोपं वाटतं, पण त्यातच धोका आहे. दाखला दुसऱ्याने दिला असेल तर तो कागद तपासून देतो. घोषणा तुम्ही केली की उद्या तिकडच्या कस्टम्सने विचारलं तर पुरावा तुम्हालाच द्यायचा असतो.

यूएईचा करार १ मे २०२२ ला लागू झाला, त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडच्या एका निर्यातदाराचे टॉवेल दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरले. दाखल्यावरचं वजन पॅकिंग लिस्टमधलं निव्वळ वजन होतं आणि जहाजाच्या कागदावर एकूण वजन. शिवाय शेवटच्या क्षणी दोन खोकी वाढवलेली, ती दाखल्यात नव्हती. तिकडच्या कस्टम्सने सवलत नाकारली. खरेदीदाराने पाच टक्के भरून माल सोडवला आणि ती रक्कम पुढच्या बिलातून कापून घेतली. वजनाचा तो आकडा मी स्वतः डोळ्याखालून घातला होता आणि माझ्या लक्षात आला नव्हता. त्या निर्यातदाराच्या एका महिन्याचा नफा त्यात गेला. त्यानंतर खोकी गाडीत चढेपर्यंत मी दाखल्याचा अर्ज भरत नाही, मग कोणी कितीही घाई करो.

चादरीचं प्रकरण तर याहून नाजूक आहे. टॉवेल सरळ आहे. टेरी टॉवेल सुती असेल तर कस्टम्सच्या मालवर्गीकरणात ६३०२ ६० या शीर्षकात बसतो, वाद नाही. पण आपली सोलापुरी जकार्ड चादर? ती पलंगावर अंथरली तर पलंगपोस, म्हणजे ६३०४. पांघरली तर ब्लँकेट, म्हणजे ६३०१. सोलापुरात आपण तीच चादर अंथरतो, पांघरतो आणि प्रवासात गुंडाळून उशाशीही घेतो. कस्टम्सला मात्र एकच उत्तर हवं असतं. इकडच्या शिपिंग बिलात एक शीर्षक आणि तिकडच्या आयात कागदात दुसरं असेल, तर दाखला गळून पडतो. जी चादर २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळवून महाराष्ट्रात अग्रेसर ठरली, तिचं शीर्षक काय हे खरेदीदाराशी आधी ठरवून दोन्हीकडे तेच लिहायचं, एवढं केलं तरी पुढचा ताप वाचतो.

आता तुमच्या वडिलांची गोष्ट. ते थेट निर्यात करत नाहीत, निर्यातदाराला माल देतात. त्यांना वाटत असेल की दाखला हा त्याचा विषय. पण दाखल्याचं मूळ तुमच्या शेडमध्ये आहे. सूत कुठून घेतलं त्याचं बिल, रंगाईला पाठवलं त्याचं चलन, सायझिंगची, म्हणजे सुताला खळ दिल्याची पावती, कुठल्या मागावर कुठल्या तारखेला किती नग निघाले त्याचं रजिस्टर, शिलाईला बाहेर दिलं असेल तर त्याचा कागद. ही साखळी सलग हवी. आपल्याकडे अडचण सुतापाशी होते. महिन्याच्या मध्यात सूत कमी पडलं की ओळखीच्या व्यापाऱ्याकडून चार पोती रोखीने उचलायची, बिल नंतर बघू. ते "नंतर" कधी येत नाही. त्या चार पोत्यांचे टॉवेल कुठल्या खेपेत गेले ते कुणाला सांगता येत नाही, आणि मग सगळी खेपच संशयाखाली येते.

म्हणून मला वाटतं, हा कागद नीट ठेवणं हीच तुमच्या वडिलांची भाव करायची ताकद आहे. उद्या निर्यातदाराला सवलत घ्यायची असेल तर त्याला असा मागवाला लागेल ज्याच्या सुताचं बिल मागितल्याबरोबर मिळतं. त्या दिवशी दराची गोष्ट काढायची. त्याला सरळ विचारायचं: ड्यूटी शून्य झाल्यावर खरेदीदाराने तुमचा दर किती खाली आणला? आणला नसेल तर त्या बारातला आमचा वाटा कुठे आहे? आणि तोच प्रश्न वडिलांना त्यांचे कामगार विचारतील, तेव्हा तेही उत्तर तयार ठेवा. अण्णांनी तो मला विचारलाच आहे.

तारखेची घाई करू नका. सही आणि अंमल यांत अंतर असतं. यूएईच्या बाबतीत ते अडीच महिन्यांचं होतं, ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत २ एप्रिल २०२२ ची सही २९ डिसेंबरला लागू झाली. ब्रिटनच्या करारालाही त्यांच्या संसदेतून जावं लागतं. लागू होण्याच्या तारखेआधी तिकडे उतरलेल्या मालावर जुनीच ड्यूटी लागते. त्यामुळे त्या काळात कोणी आगाऊ दर कमी करायला सांगत असेल तर हो म्हणू नका.

डाळिंबवाल्यांचेही दोन फोन आले, म्हणून थोडक्यात. ड्यूटी कमी झाली तरी फळावरच्या औषधांच्या अंशाच्या मर्यादा करार सैल करत नाही. त्या होत्या तशाच आहेत. बाग ब्रिटनसाठी धरायची असेल तर फवारणीच्या वहीपासून सुरुवात करा.

तुमच्या वडिलांच्या गेल्या सहा महिन्यांच्या सुताच्या बिलांची फाइल असेल तर ती आणि मागांचं रजिस्टर समोर ठेवून एकदा खेपेशी ताळा घालून बघा. जिथे ताळा बसत नाही तिथे लाल पेनने खूण करा. पहिल्यांदा पुष्कळ खुणा होतील. एका शेडमध्ये आम्ही हे केलं तेव्हा पहिल्या महिन्यात एकोणीस खुणा निघाल्या होत्या आणि चौथ्या महिन्यात तीन.